बांगड्याच्या कल्ल्यातला किडा आणि आपल्या किनाऱ्यावरचं किळसवाणं विज्ञान

खाडीकाठ
मंडळी, मासेमारीची बंदी उठली आणि आमच्याकडे पुन्हा बांगडा यायला लागला. परवा साफ करताना एकाचा कल्ला उचलला, तर आत पांढरट, चपटा किडा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, पाठीवर आडव्या वळ्या, पोटाखाली पायांच्या रांगा. प्रत्येक पायाच्या टोकाला आकडा. कल्ल्याला इतका घट्ट धरून बसला होता की चिमट्याने ओढावा लागला. सातवीतल्या मुलीने तो वाटीत पाणी घालून ठेवला आणि तासभर भिंग घेऊन बसली. सासूबाईंनी मात्र ती वाटी आधी ओट्यावरून खाली उतरवायला लावली.

दोन प्रश्न आहेत. हा प्राणी कोण? आणि असा किडा निघालेला मासा खावा का?

शिवाय एक म्हणणं आहे. आपल्याला शी वाटतं तिथेच निसर्गाची सगळ्यात अचाट कारागिरी दडलेली असते. पाठ्यपुस्तकं फुलपाखराशी थांबतात. म्हणून इथे कोकणात पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं जे काही किळसवाणं आणि खरं असेल ते लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगा म्हणजे तपासता येईल.

दर्यावर्दी
ताई, हा आयसोपॉड. कीटक नाही, कवचधारी प्राणी. कोळंबी-खेकड्यांच्या खानदानातला. पायांच्या सात जोड्या मोजा, चौदा भरतील. माशांवर जगणाऱ्या या कुळाला सिमोथोइड म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर बांगडा, तारली अशा माशांवर ते सापडतात. काही कल्ल्यात बसतात, काही अंगावर चिकटतात, काही तोंडात.

त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला सिमोथोआ एक्झिगुआ. तो आपल्याकडचा नाही, कॅलिफोर्नियाच्या आखातापासून खाली इक्वेडोरपर्यंत असतो. कल्ल्यातून आत शिरतो, जिभेला आकडे रोवतो, तिचं रक्त पितो. रक्त तुटलं की जीभ वाळून गळते. मग हा बुडख्यावर स्वतः बसतो आणि मासा त्याला जीभ म्हणून वापरत राहतो! यजमानाचा एक अवयव नष्ट करून त्याच जागी स्वतः काम करणारा दुसरा परजीवी माहीत नाही.

अजून एक. ही मंडळी आधी नर असतात, नंतर मादी होतात. तुम्हाला मिळालेली मोठी होती म्हणजे बहुधा मादीच. पोटाखाली पिशवी दिसली का बघा, पिल्लं तिच्यातच वाढतात.

खाडीकाठ
पिशवी होती! दाबल्यावर आतून पिवळसर दाणे बाहेर आले. लेक नाचतेय.

सोलकढी_प्रेमी
दुपारी जेवताना धागा उघडला. ताटात तळलेला बांगडाच होता. पुढचं विचारू नका.

मालवणचो_झिल
माझी आये म्हणता, "तो किडो काढून टाक आणि मासो तळ. दर्यातलो मासो दर्यातलो किडो घेवनच येतलो, नखरे कशाक?"

अनघा_रत्नागिरी
मी नाही खाणार बाई. किडा निघाला की मासा मांजराला. आईंचा अनुभव मानते, पण मन होत नाही त्याला काय करणार?

आता माझी भर. धनेश. आमच्या माहेरी देवराईत मोठ्या झाडाच्या ढोलीत दर वर्षी कवड्या धनेशाची जोडी असते. मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. कशाने? मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने, त्यात फळांचा गर आणि लाकडाचा भुसा. वाळलं की टणक होतं. चोच जाईल एवढी उभी फट तेवढी ठेवते. दोन-तीन महिने आत. तिथेच अंडी, तिथेच ती पंखांची मोठी पिसं गाळते, म्हणजे उडताही येत नाही. नर वड-उंबर आणून फटीतून भरवतो. आणि इतके दिवस आत राहून घरटं घाण होत नाही, कारण मादी आणि पुढे पिल्लंही शेपटीकडची बाजू फटीला लावून बाहेर पिचकारी मारतात. झाडाखाली बियांचा सडा पडतो, पावसात त्यातलीच रोपं उगवतात. ढोली ओळखायची तर वर बघू नका, खाली बघा.

पाणभिंगरी
अनघाताई, सुरेख. त्या नराचं काही झालं तर आतलं सगळं कुटुंब उपाशी राहतं, म्हणून विणीच्या काळात ढोलीजवळ फोटोसाठी गर्दी करू नये. हे प्रत्येक हंगामात सांगावं लागतं.

खेकडेवाला_काका
किळसच हवी तर खेकडा घ्या. तीन लाल ठिपक्यांचा समुद्री खेकडा सगळ्यांनी खाल्लेला आहे. कधी कधी त्याच्या पोटाच्या झाकणाखाली पिवळट, गुळगुळीत गोळा दिसतो. लोक समजतात मादी आहे, गाबोळी आहे. गाबोळी दाणेदार असते, ही गुळगुळीत पिशवी असते. ती सॅक्युलिना. खडकावर पाय कापणारे पांढरे धारदार बार्नेकल असतात ना, त्यांचीच नातलग.

हिची अळी खेकड्यावर उतरते आणि अंगात पेशींचा छोटासा पुंजका सोडते. त्याची मुळं खेकड्याच्या अंगभर पसरतात, पायांपर्यंत. मग पोटाखाली पिशवी बाहेर येते, नेमकी जिथे मादी अंडी धरते तिथे. खेकडा कात टाकणं थांबवतो, वाढत नाही, प्रजा होत नाही. आणि नर असला तर? त्याचं अरुंद पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो त्या पिशवीला आपली अंडी समजून जपतो. साफ करतो, पाणी घालतो, पिल्लं सोडायची वेळ आली की मादीसारखी हालचाल करून पाण्यात पसरवतो. स्वतःचं आयुष्य दुसऱ्याची पोरं वाढवण्यात.

जाळ्यात आला तर मी बाजूला काढतो. अंगात मांसच धरलेलं नसतं.

सोलकढी_प्रेमी
काका, खेकड्याचं कालवण तरी सोडा हो आमच्यासाठी.

खेकडेवाला_काका
सोडलंय की. अमावास्येच्या आसपासचा भरलेला घ्या, तिरफळ टाका, खोबरं भाजून वाटा. चांगला खेकडा हातात जड लागतो, हलका लागला तर ठेवून द्या.

वेंगुर्ल्याची_वाट
अमावास्येचा खेकडा भरलेला की पौर्णिमेचा, यावर आमच्याकडे दोन घरं बोलत नाहीत. तो विषय इथे नको.

मी थुंकीबद्दल लिहिते. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळी मोठ्या संख्येने घरटी करतात. विणीच्या दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी फुगतात. ही लाळ हवेत घट्ट होते आणि तिच्या सिमेंटने शेवाळ-पिसं जोडून कड्याला वाटी चिकटवली जाते. आग्नेय आशियात याच गटातल्या दुसऱ्या जातीची जवळजवळ निव्वळ लाळेची घरटी सुपासाठी प्रचंड किमतीला विकली जातात. त्याच हव्यासापायी आपल्याकडचीही घरटी चोरीला गेली आहेत. गुहेत काळोखात हे पक्षी टकटक आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून वाट काढतात. पक्ष्यांमध्ये ही विद्या फार थोड्यांकडे आहे.

दाभोळचा_दीपक
व्हेलची उलटी राहिली की. आमच्या जिल्ह्यात दर थोड्या दिवसांनी कोणीतरी पकडला जातो, कोटींची किंमत म्हणून छापून येतं. एवढं असतं तरी काय त्यात?

दर्यावर्दी
@दीपक, त्यात असतात माकुळाच्या (स्क्विडच्या) चोचींचे अवशेष. स्पर्म व्हेल रोज ढिगाने माकूल खातो. चोच पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. पण काहींच्या आतड्यात त्या पुढे सरकतात, टोचतात, आणि त्यांच्याभोवती मेणचट पदार्थ साठत जातो. हा अंबरग्रिस. तयार होतो आतड्यात, म्हणून तो तोंडापेक्षा मागच्या बाजूने किंवा व्हेल मेल्यावर बाहेर पडत असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताजा काळा आणि शेणाच्या वासाचा. ऊन, मीठ, लाटा खात वर्षानुवर्षं तरंगला की राखाडी होतो आणि गोडसर वास धरतो. अत्तराचा वास अंगावर टिकवायला तो वापरायचे. आता त्या कामाचा कृत्रिम पदार्थ सहज मिळतो.

आणि स्पष्ट लिहितो, आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो बाळगणं, विकणं गुन्हा आहे. वाळूत मेणाचा गोळा सापडला तर वनखात्याला कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारत फिरू नका. गावातली चांगली पोरं अडकतात यात, जीव तुटतो.

रेवदंडा_एक्सप्रेस
२०१५च्या जूनमध्ये आमच्या किनाऱ्यावर ४२ फुटी ब्लू व्हेल लागला होता. आला तेव्हा जिवंत होता. लोकांनी, वनखात्याने ढकलायचा प्रयत्न केला, पण एवढं धूड हलणार कसं? पाण्याबाहेर स्वतःचं वजनच त्याच्या अंगावर येतं. शेवटी गेला. दुसऱ्या दिवसापासूनचा वास मी इथे लिहून समजावू शकत नाही.

म्हणून एक सावधगिरी. मेलेल्या व्हेलच्या पोटात जिवाणू वायू करतात, पण चरबीचा थर जाड, बाहेर जायला वाट नाही. पोट फुगत जातं. तैवानमध्ये ताइनान शहरात २६ जानेवारी २००४ला सुमारे १७ मीटरचा मेलेला स्पर्म व्हेल ट्रकवरून नेत होते. भर रस्त्यात तो फुटला. रक्त आणि आतडी दुकानांवर, गाड्यांवर, माणसांवर. तेव्हा किनाऱ्यावर असं धूड लागलं तर पोरांना त्याच्यावर चढवून फोटो काढू नका. पोरांना असं चढवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि माझ्या काळजाचं पाणी झालं होतं.

अनघा_रत्नागिरी
बाप रे. इथे गणपतीपुळ्याला २०२३च्या नोव्हेंबरमध्ये पिल्लू लागलं होतं. किती लोक किती तास राबले, पाण्यात नेलंही, तरी वाचलं नाही. अजून आठवलं की वाईट वाटतं.

हर्णैकर
कासवांवर कोणी बोललं नाही? वेळास, आंजर्ले, कोळथरे, सगळीकडे ऑलिव्ह रिडले येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून घरटी राखायचं काम उभं केलं. आम्ही पोरं रात्री पाहायला जायचो. अंडी घालताना मादी रडते असं आजी सांगायची. पाणी येतं खरं डोळ्यांतून, पण ते खारं द्रव आहे, समुद्राच्या पाण्याहूनही खारट. डोळ्याजवळच्या ग्रंथी अंगातलं जास्तीचं मीठ तिथून बाहेर टाकतात. पाण्यातही तेच चालू असतं, फक्त दिसत नाही.

किळस पुढे आहे. समुद्री कासवाचा घसा कधी उघडलेला पाहिलाय? मेलेल्या कासवाचं शवविच्छेदन चालू होतं तेव्हा मी पाहिला. आत सगळीकडे बोटाच्या पेराएवढे टोकदार काटे, सगळे पोटाच्या दिशेने वळलेले. कासव जेलीफिश गिळतं तेव्हा सोबत पाणीही जातं. ते पाणी बाहेर टाकताना घास परत निसटू नये म्हणून हे काटे. त्याच काट्यांमुळे प्लास्टिकची पिशवी एकदा आत गेली की बाहेर येत नाही. त्या दिवशी त्या घशात निळ्या पिशवीचा तुकडा होता.

पाणभिंगरी
हर्णैकर, हे पोरांना शाळेत दाखवायला हवं. भाषणापेक्षा तो घसा पुरेल.

निवटी घ्या आता. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासोळी, सगळ्यांनी लहानपणी हाताने पकडायचा प्रयत्न केलेली. पाण्याबाहेर ती ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेते. म्हणून चिखलात लोळते, अंग वाळलं की गुदमरेल. अंडी बिळात, पण बिळातल्या पाण्यात प्राणवायू नावालाच. जपानमधल्या एका जातीचा अभ्यास झालाय. नर वर येऊन तोंडात हवा भरतो, बिळाच्या खालच्या खोलीत सोडतो, पुन्हा वर. असा हवेचा साठा करतो आणि अंडी त्या हवेत वाढतात. पिल्लं तयार झाली की तीच हवा तोंडाने बाहेर नेतो, खोलीत पाणी भरतं आणि अंडी उबतात. चिखलातला बाप!

घाटमाथा_खालचा
आंबोली-तिलारी पट्ट्यातली जळू. उपाय साधा, मिठाची पुरचुंडी ठेवा, चावली की मीठ टाका, गळून पडते. आमच्या पिढ्या हेच करतात.

डॉक्टरीण_बाई
@घाटमाथा, इथे मी ठाम असहमत. मीठ, तंबाखू किंवा काडीने चटका दिला की जळू सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते, तिच्या आतड्यातल्या जिवाणूंसकट. त्यापेक्षा नख तोंडाच्या कडेखाली सरकवा, आधी बारीक टोकाकडचं, मग दुसरं. सुटते. साबण-पाण्याने धुवा, दाबून धरा. रक्त वाहत राहील, घाबरू नका. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. जळूच्या अर्कात असं काहीतरी आहे हे जॉन हेक्राफ्टने १८८४मध्ये दाखवलं. त्याच धर्तीवर बनवलेलं बायव्हॅलिरुडिन आज हृदयाच्या नळ्यांच्या उपचारांत वापरतात. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर त्यात तुंबलेलं रक्त ओढायला जिवंत जळवा लावतात, २००४मध्ये अमेरिकेत त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता मिळाली. ओकारी येणाऱ्या या प्राण्याने माणसांची बोटं वाचवलीत.

घाटमाथा_खालचा
नखाचं करून बघतो. पायमोज्यांवर बाहेरून मीठ किंवा तंबाखूचं पाणी चालेल ना, चावायच्या आधी?

डॉक्टरीण_बाई
ते चालेल. ओढ्याच्या पाण्यात धुऊ नका एवढंच, त्या पाण्यात बेडकांची पिल्लं असतात.

सड्यावरची
मी इतके दिवस वाचतेय, आज लिहिते, कारण माझ्या लाडक्या प्राण्याचं नाव अजून आलं नाही. देवगांडूळ. दिसतं गांडुळासारखं, पण आहे बेडकाचं नातलग, पाठीचा कणा असलेला उभयचर. पाय नाहीत, डोळे कातडीखाली दडलेले. पावसात शेणाच्या खड्ड्यात, आंब्याच्या आळ्यात, दगडाखाली सापडतं आणि लोक साप म्हणून ठेचतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून गेजेनिओफिस शेषाचारी ही जात २००३मध्ये जगापुढे आली. त्याच वर्षी आंबोलीतूनही एक जात नोंदली गेली. २००८मध्ये कळलं की डोर्ल्याची ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या कुठल्याही देवगांडुळाबद्दल हे पहिल्यांदाच कळलं होतं. आपल्या सड्याखालच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराखालच्या मातीत!

आता किळस. केनियातल्या एका देवगांडुळाची मादी पिल्लांना स्वतःची कातडी खाऊ घालते. वरचा थर जाड होतो, त्यात चरबी भरते, पिल्लं खास दातांनी तो ओरबाडून खातात. काही दिवसांत थर पुन्हा तयार, पुन्हा जेवण. ब्राझीलच्या एका जातीत मादीच्या मागच्या भोकातून दुधासारखा स्निग्ध पदार्थ येतो, पिल्लं आवाज करून तो मागतात. हे २०२४मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या जातींच्या पालनपोषणाबद्दल कोणी बसून पाहिलं तर काय काय सापडेल! आणि आपण चिऱ्यांच्या खाणींसाठी सडेच्या सडे कापतोय. याबद्दल मला राग आहे, तो मी लपवत नाही.

मालवणचो_झिल
सड्यावरची ताई, ह्या माका म्हायतच नाय होता. आमच्या परड्यात दर पावसात दिसता. आमी काठीन मारतंव. आता नाय मारूचंव.

खाडीकाठ
किती सुंदर धागा झालाय! पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. मालवणच्या आई खा म्हणतात, अनघाताई नको म्हणतात. आमच्या घरातही दोन पक्ष आहेत.

डॉक्टरीण_बाई
खा. आयसोपॉड माणसाच्या अंगात वाढत नाही. काढून टाका, कल्ले तसेही आपण टाकतोच, मासा धुवा आणि नीट शिजवा. कल्ल्याशी मांस काळं-मऊ पडलं असेल तर तेवढा भाग कापा. मासा ताजा आहे का हे डोळा, वास आणि मांसाचा ताठपणा बघूनच ठरवायचं, किड्यावरून नाही.

लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच पाहुण्यावर. माशाच्या पोटात, आतड्याभोवती वेटोळं करून बसलेला बारीक पांढरा दोरा, अनिसाकिस. तो जिवंत पोटात गेला तर माणसाला भयंकर पोटदुखी आणि उलट्या होतात. ६३ अंशांपर्यंत आतून शिजला किंवा उणे २० अंशांत आठवडाभर गोठवला की मरतो. आपलं कालवण आणि तळण त्याच्या कितीतरी पुढे जातं. धोका कच्च्या माशात आहे. मुंबईत हल्ली लोक कच्चा मासा आवडीने खातात, तिथे विचारून खा.

अनघा_रत्नागिरी
बाई, तुमचं पटलं. तरी मांजराचा वाटा मी तसाच ठेवणार, ती वाट बघते.

हर्णैकर
@सड्यावरची, कामाचा प्रश्न. काल विहिरीजवळच्या ओल्या मातीत करड्या-जांभळ्या रंगाचं काहीतरी सापडलंय. बाबा वाळा म्हणतात, मला देवगांडूळ वाटतं. बादलीत आहे. ओळखू कसं?

सड्यावरची
हात ओले करून अलगद धरा. वाळा सापाचं अंग कोरडं आणि खवल्यांचं असतं, चकाकतं, बारीक दुभंगलेली जीभ बाहेर काढतो. देवगांडूळ बुळबुळीत असतं, अंगावर कड्यांच्या खाचा असतात आणि जीभ बाहेर येत नाही. भिंग असेल तर डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये छोटासा मऊ कोंब शोधा. तो फक्त देवगांडुळालाच असतो, त्याने ते वास घेतं. दोघंही निरुपद्रवी आहेत, बाबांना सांगा.

बादलीत नळाचं पाणी घालू नका, ओली माती आणि पाला टाका, सावलीत ठेवा. डोक्याचा बाजूने आणि शेपटीच्या टोकाचा असे दोन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. मग जिथे सापडलं तिथेच संध्याकाळी सोडा. फोटो इथे टाका, मी जागी आहे.